केसतपासणीचा सोमवार

आमच्या दुकानाला सोमवारी सुट्टी, आणि शाळेतली केसतपासणीही नेमकी सोमवारीच. यात कुणाचा डाव नव्हता. रविवारी शाळा बंद, पोरांना कटिंग करून यायला वेळ मिळतो, म्हणून सोमवारी प्रार्थनेला तपासणी; आणि रविवारी दिवसभर उभं राहून न्हाव्याच्या पायाला गोळे येतात, म्हणून सोमवारी त्याची सुट्टी. दोघांचंही बरोबर. मधल्यामधे अडकायची ती पोरं.

पी.टी.चे सर रांगेत मागून यायचे. त्यांचं माप साधं होतं. दोन बोटं केसांत घालायची; चिमटीत केस सापडले तर ते लांब. सापडलेल्याला रांगेबाहेर ओढायचं आणि खिशातली कात्री काढून कपाळापासून टाळूपर्यंत एकच पट्टा कापायचा. आम्ही त्याला ‘रस्ता’ म्हणायचो. ‘त्याचा रस्ता झाला बे आज,’ असं मधल्या सुट्टीत ऐकू यायचं. एकदा रस्ता झाला की उरलेलं डोकं भादरून आल्याशिवाय वर्गात घेत नसत.

मग ते पोर आमच्या दारात. सोलापुरात जोडबसवण्णा चौकाच्या आतल्या गल्लीत दुकान पुढे, घर मागे. दोन्ही बाजूंना मागांची खटखट, त्यामुळे दार जोरात वाजवावं लागायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवत असले तर ताटावरून उठायचे, शटर अर्धं वर करायचे, खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकून पोराला वर बसवायचे. रस्ता बुजवणं ही त्यांची खास कला. सरसकट झिरो मशीन मारणं सोपं होतं, बाकीच्या दुकानांत तेच व्हायचं. आप्पा कडेचे केस उतरवत, वरचे थोडे राखत, रस्त्याच्या दोन्ही काठांना असा उतार द्यायचे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरानं हौसेनं बारीक केलेत. चार रुपये. ते पोराकडे नसायचेच. खिळ्याला टांगलेल्या वहीत नाव जायचं, आणि पुढच्या रविवारी बाप आला की दोघांचे मिळून आठ. शाळेनं केलेल्या शिक्षेचे पैसे बाप भरतोय, हे मला तेव्हा कधी खटकलं नाही. ते पैसे आमच्याच घरात येत होते.

मी त्याच शाळेत. माझा रस्ता कधी झाला नाही, ते सांगायलाच नको. सर मला रांगेतून हाक मारायचे, “ए, तुझ्या बापाला सांग, मशीनला तेल घालून ठेव म्हणावं. आज सात जण येतायत.” रांग हसायची. मीही हसायचो. सरांनी आपल्याला ओळखलं, याचा आनंद त्या वयात मोठा असतो. त्यात ‘तुझ्या बापाला’ हे कसं म्हटलं गेलं, ते कानावरून जायचं.

पस्तीस वर्षांनी हे सगळं उकरायला कारण झाली माझी मुलगी.

ती नववीत आहे. तिचे केस माझ्या आईवर गेलेत. दाट, कुरळे, आणि पाऊस पडला की दुप्पट होणारे. जूनमध्ये तिच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली: मुलींनी केस चापूनचोपून दोन वेण्या घालाव्यात, काळ्या रिबिनी लावाव्यात, कपाळावर किंवा कानावर केस येऊ नयेत. आता या मुलीच्या कपाळावर केस येऊ नयेत असं वाटत असेल तर एक तर पाव वाटी तेल पाहिजे, नाहीतर दहा-बारा पिना. तिनं दोन्ही केलं. तिसऱ्या तासाला केस सुटलेच. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “घरी कुणी विंचरत नाही का?” पुढच्या आठवड्यात समजुतीच्या सुरात, “स्ट्रेटनिंग करून घे की गं. हल्ली सगळ्याच करतात.” पार्लरमध्ये चौकशी केली. त्या मुलीनं केस हातात घेऊन चार हजार सांगितले आणि वर म्हणाली, सहा महिन्यांनी परत यावं लागेल.

“पप्पा, तुम्ही वकील आहात ना? याच्याविरुद्ध कायदा नाही का?”

मी वकील आहे म्हणजे चेक बाउन्स, भाडेकरू आणि भावाभावांच्या वाटण्या. केसांची केस माझ्याकडे कधी आली नव्हती. (हा विनोद बाररूममध्ये तीन जणांनी स्वतंत्रपणे करून झालाय, म्हणून तो इथेच संपवतो.) पण मुलीला ‘बघतो’ म्हटलं की बघावं लागतं. रात्री जेवणं झाल्यावर वाचत बसलो, आणि बसलो तो दोन आठवडे बसलो.

कायदा आहे. आपल्याकडे नाही, अमेरिकेत. कॅलिफोर्निया राज्यानं ३ जुलै २०१९ रोजी तो पहिल्यांदा केला आणि १ जानेवारी २०२०पासून लागू केला. नाव ‘क्राउन ॲक्ट’, म्हणजे मुकुटाचा कायदा. त्यानं केलं काय? वंशावरून भेदभाव करायचा नाही हा कायदा तिथे जुनाच होता. नव्या कायद्यानं ‘वंश’ या शब्दाची व्याख्या थोडी रुंद केली. केसांचा पोत आणि केस जपण्यासाठी घातल्या जाणाऱ्या वेण्या, पीळ, लॉक्स (केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा) या गोष्टी वंशाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यावरून नोकरीत किंवा सरकारी शाळेत अडवणं म्हणजे वंशावरून अडवणंच, असं लिहिलं. वीसहून जास्त राज्यांनी तसे कायदे केले. सगळ्या देशासाठीचं विधेयक प्रतिनिधिगृहात १८ मार्च २०२२ रोजी २३५ विरुद्ध १८९ मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं.

एवढ्याशा व्याख्येसाठी वेगळा कायदा कशाला, असं मलाही वाटलं होतं. मग १९८१चा एक निकाल वाचला. एका विमान कंपनीत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी डोक्याला चिकटून बारीक वेण्या घातल्या होत्या, कंपनीनं मनाई केली. न्यूयॉर्कच्या न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: कातडीचा रंग बदलता येत नाही म्हणून त्यावरून भेदभाव चालणार नाही, वेणी मात्र सोडता येते, म्हणून तिच्यावर नियम चालेल. २०१६मध्येही अपील न्यायालयानं एका नोकरीच्या प्रकरणात, लॉक्सच्या बाबतीत, हाच तर्क धरला. बदलता येतं म्हणजे बदलायला लावता येतं.

हे मी आप्पांना सांगितलं. आप्पा आता सत्त्याहत्तरचे. हात कापतो म्हणून कात्री सोडलीय. दुकान धाकटा भाऊ चालवतो, एसी बसवलाय. आप्पा बाकड्यावर बसून पेपर वाचतात आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर लक्ष ठेवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या जजसाहेबानं कधी केस कापले नसणार.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याच निकालपत्रात नाही. सरळ केसाला टाळूचं तेल आपोआप टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसात ते वळणा-वळणात अडकतं. मूळ तेलकट आणि टोक कोरडं. कोरडं टोक कंगव्यानं ओढलं की तुटतं. जितका घट्ट पीळ तितकं जास्त तुटणार. म्हणून असा केस ओला असतानाच बोटांनी सोडवायचा, कोरडा विंचरायचा नाही, आणि शक्यतो गुंफून ठेवायचा म्हणजे रोज हात लागत नाही. आप्पांनी आयुष्यात एकाही आफ्रिकन माणसाचे केस कापले नाहीत. तरीही अमेरिकेच्या कायद्यात त्या वेण्यांना ‘संरक्षक’ का म्हटलंय, ते त्यांनी बाकड्यावरून सांगितलं. “आणि सरळ करून काय होणार? मूळ आत आहे. महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा केस वर येतो, तो वाकडाच येणार.” बदलता येतं याचा अर्थ बदलत राहावं लागतं, दर सहा महिन्यांनी चार हजार देऊन. न्यायमूर्तींनी त्याचा हिशोब धरला नव्हता.

कायदा झाला म्हणजे पोरं सुटली, असंही नाही. टेक्सासमध्ये हा कायदा १ सप्टेंबर २०२३ला लागू झाला. त्याच सुमाराला तिथल्या एका हायस्कुलानं लॉक्स राखलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाला वर्गाबाहेर बसवलं. त्याचे केस गुंडाळून डोक्यावर बांधलेले असायचे, खांद्यावर येतही नसत. पण शाळेचा नियम असा की मुलाचे केस सोडले तर भुवईच्या, कानाच्या पाळीच्या किंवा कॉलरच्या खाली जाता कामा नयेत. सोडले तर! म्हणजे बांधलेल्या केसांची लांबी मनातल्या मनात मोजायची. प्रकरण कोर्टात गेलं. शाळेचा बचाव: कायद्यात पोत आहे, वेण्या आहेत, लॉक्स आहेत; लांबी हा शब्द कुठे आहे? फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला. वकील म्हणून मला तो युक्तिवाद चलाख वाटला, आणि चलाख वाटला याची थोडी लाजही वाटली. आमच्या पी.टी. सरांकडे निदान दोन बोटं तरी होती.

जपानची गोष्ट याहून विचित्र. ओसाकातल्या एका मुलीचे केस, तिच्या म्हणण्याप्रमाणे, जन्मतः तपकिरी. शाळेचा नियम, केस काळेच पाहिजेत. तिला पुन्हा पुन्हा काळा रंग लावायला सांगितलं, टाळूची आग होईपर्यंत. ती शाळेत यायची थांबली, तर वर्गातला तिचा बाक काढून टाकला आणि हजेरीपटातून नाव काढलं. २०१७मध्ये तिनं दावा लावला. २०२१मध्ये निकाल लागला: बाक आणि नाव काढणं चूक, त्याबद्दल ३ लाख ३० हजार येन भरपाई. केसांचा नियम मात्र योग्य. असे निकाल आमच्याकडेही लागतात. दोन्ही पक्षकार पेढे वाटतात किंवा दोघंही अपिलात जातात.

ब्रिटनमधली दोन प्रकरणं मला आवडली, कारण त्यांत न्यायाधीश डोकं बघून थांबले नाहीत, डोक्यामागचं घर बघितलं. एका शीख मुलाला १९७८मध्ये बर्मिंगहॅमच्या शाळेनं पगडी काढून केस कापल्याशिवाय प्रवेश देणार नाही म्हटलं. १९८३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं शीख हा वांशिक समूह धरून शाळेला चूक ठरवलं. आणि २०११मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एका शाळकरी मुलाचा प्रश्न आला. त्याच्या घरात पुरुषांनी डोक्याला चिकटून वेण्या घालायची रीत. शाळेला त्यात गुंडांच्या टोळ्या दिसत होत्या. न्यायालय म्हणालं, शिस्त हवी हे मान्य, पण घरची रीत न विचारता सगळ्यांना एकच कात्री लावणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे.

घरची रीत. इथे मला वाचन थांबवावं लागलं.

आमच्या वर्गात एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला, मुलगा होता. पाचवीत त्याला कावीळ झाली, जगेल की नाही अशी. त्याच्या आईनं व्यंकटरमणाला त्याचे केस बोलले. सोलापूरच्या पूर्व भागात हे नवल नाही. दर उन्हाळ्यात निम्मी गल्ली तिरुपतीला जाते आणि गुंडू, म्हणजे टक्कल, करून येते, बापलेक दोघंही. पण जायला पैसे लागतात. वडील दुसऱ्याच्या मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. या दिवाळीच्या बोनसला जाऊ, पुढच्या दिवाळीला जाऊ, असं करत करत पोराचे केस मानेखाली आले. आई ते तेल लावून, गुंडाळून, वर रबर लावून द्यायची. वर्गानं त्याचं नाव जटायू ठेवलं होतं. मीही त्याला तेच म्हणायचो.

सरांनी दोन वर्षं चालवून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आठवीत, १९८९च्या जूनमध्ये, त्यांचं काय बिनसलं कोण जाणे. कात्री लावली नाही. एक चिठ्ठी लिहिली, ‘याचे केस बारीक करावेत’, खाली सही, आणि त्याला आमच्या दुकानात घेऊन जायला दोन मुलं निवडली. त्यातला एक मी. रस्ता मला माहीत होता म्हणून.

त्याचा दंड धरून आम्ही त्याला नेलं. तो पळत नव्हता, तरी दंड धरला होता.

आप्पांनी चिठ्ठी वाचली. फळीवर बसवलं. रबर काढलं. केस मोकळे करून बघितले, बोटांनी सोडवले, थोडं तेल लावलं, पुन्हा गुंडाळले, रबर लावलं आणि त्याला खाली उतरवलं. मला म्हणाले, “सरांना सांग, दुकान बंद आहे.” सोमवार होताच तो. पण सोमवारी शटर अर्धं वर जायचं हे सरांना आमच्याइतकंच ठाऊक होतं.

संध्याकाळी सर स्वतः आले.

“काय ओ, चिठ्ठी मिळाली नाही का?”

“मिळाली की सर. नवसाचे केस आहेत. मला पाप लागेल.”

“पाप मी घेतो.”

“तुम्ही घ्याल ओ. पण वस्तरा माझ्या हातात असणार ना.”

मी आतल्या दारात उभा होतो. मला बापाचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. भीती वाटली, आणि उद्या सर मला हाक मारणार नाहीत याचं वाईट वाटलं. झालंही तसंच. वर्षभर रस्ता झालेली पोरं चौकापलीकडच्या दुकानात पाठवली गेली. वही बारीक झाली. आप्पा त्यावर बोलले नाहीत. आई बोलली, रोज, भाकरी थापताना.

मुलाची आई एकदा दुकानाच्या पायरीशी आली. बायका सलूनच्या पायरीशीही येत नसत तेव्हा. “अण्णा,” म्हणाली आणि चार रुपये ठेवले. आप्पांनी परत केले. तिनं पुन्हा ठेवले. शेवटी ते वहीत जमा धरले, पोराच्या पुढच्या कटिंगसाठी. ते त्यानं वसूल केले की नाही, आठवत नाही. त्या दिवाळीनंतर ते सगळे एकदाचे तिरुपतीला जाऊन आले. तो वर्गात आला तो पूर्ण गुंडू, चंदन लावलेलं डोकं चमकतंय. सरांनी त्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “आता कसा विद्यार्थी दिसतोस!”

मागच्या महिन्यात मी आप्पांना विचारलं, खरंच पाप वाटलं होतं का. ते देवभोळे नाहीत. ते म्हणाले, “पाप बीप काय नाही. सरांना तेवढंच कळलं असतं म्हणून म्हटलं.” मग? “रडणारं पोर असलं की काही वाटत नाही. रडतात आणि कापून घेतात. ते रडतच नव्हतं. आरशातून माझ्याकडे बघत होतं.”

त्यांनी कापलेल्या बाकीच्या शंभर-दीडशे पोरांबद्दल मी विचारलं नाही.

आप्पांच्या खुर्चीमागे सेना महाराजांची तसबीर आहे, सगळ्याच नाभिकांच्या दुकानात असते. समाजाच्या मेळाव्यात आणखी एक नाव घेतलं जातं, नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. १८९०मध्ये त्यांनी मुंबईत शेकडो नाभिकांना एकत्र केलं, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्या सभेत ठरलं. केशवपनाला शास्त्राचा आधार आहे का नाही, यावर शहाणी माणसं कित्येक वर्षं वाद घालत होती. न्हाव्यांनी वाद घातला नाही. भाषणात हे ऐकताना टाळ्या पडतात, आणि पडाव्यातच. मला मात्र दरवेळी वाटतं, त्या सभेतून घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी यजमानाच्या वाड्यावरून बोलावणं आलं असेल तेव्हा त्यानं काय सांगितलं असेल? ‘पाप लागेल’ म्हणाला असेल का? घरी त्याचीही बायको भाकरी थापत काही बोलली असेल.

एवढं सगळं एका बाजूला सरळ रेषेत येत चाललं की मला माझी बहीण आठवते. म्हणजे तिच्या वर्गातली एक मुलगी. सहावीत तिच्या केसांत जट आली. आली म्हणजे काय, कुरळे दाट केस, ताप येऊन गेलेला, महिनाभर कुणी नीट सोडवले नाहीत, घाम आणि धूळ बसून एक बट घट्ट झाली. घरच्यांनी ओळखलं ते वेगळंच: यल्लम्मा आली. सौंदत्ती, यल्लम्मेचं ठाणं, आमच्यापासून फार लांब नाही. आता मुलीच्या केसांना फणी लावायची नाही, हळद-कुंकू वाहायचं. आणि शाळा? कपाळावर एक बट आली तरी ओरडणाऱ्या त्याच बाई जट बघून चूप. एकीनं तर हात जोडले म्हणे. रिबिनीचा नियम त्या एका डोक्यापुरता आपोआप रद्द झाला. वर्षाच्या आत मुलीनं शाळा सोडली. सोडवली गेली.

आप्पा तेव्हा घरात म्हणाले होते, “जट म्हणजे न सोडवलेले केस. दुसरं काय नाही.” पण ते त्या घरी गेले नाहीत. न्हावी कात्री घेऊन दारात आला तर त्या घरानं त्याला उभा चिरला असता. आज अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन समजूत काढतात, बाईचं मन तयार करतात, मग तासन्‌तास बसून जट सोडवतात किंवा कापतात. जटेच्या ओझ्यानं मान आखडलेल्या बायका नंतर आधी काय करतात, तर मान फिरवून बघतात. अमेरिकेतल्या मुलाचे लॉक्स आणि आमच्याकडची जट फोटोत शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाहीत. तिथे कात्री शाळेच्या हातात होती म्हणून ती अडवायला कायदा लागला. इथे कात्री कुणी हातात घेत नव्हतं म्हणून मुलगी गेली. ‘नैसर्गिक केसांना हात लावू नये’ असा कायदा उद्या आपल्याकडे कुणी जसाच्या तसा आणला, तर पहिला अर्ज जट ठेवणारे करतील, एवढी वकिली मला कळते.

मग मुलीला काय सांगायचं?

आपल्याकडे केसांचा कायदा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्याचं कलम १७ म्हणतं, मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही. प्रार्थनेला सगळ्यांसमोर केसांत कात्री घालणं याच्यात बसवायला मला अडचण वाटत नाही. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, पहिली ते आठवीचा. माझी मुलगी नववीत आहे आणि मार्चमध्ये चौदा पूर्ण झाली. तीन महिन्यांनी हुकलं! बाल न्याय कायद्याचं कलम ७५ अठरापर्यंत चालतं, पण त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘घरी कुणी विंचरत नाही का’ एवढ्यासाठी एका बाईंवर ते लावायचं म्हणजे डास मारायला तोफ. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे. यांपैकी तिचे कुरळे केस कशात बसवू? आजीत बसतात ते. आणि डोक्यावर काय असावं याचा जो मोठा प्रश्न आपल्या न्यायालयांत गेला, कर्नाटकातल्या वर्गांतल्या हिजाबचा, त्यावर १३ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचीच दोन मतं पडली.

कोर्टातून येताना पार्क चौकाकडून आलो की चार हुतात्म्यांचे पुतळे लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी. त्याच्या आधी, १९३०च्या मे महिन्यात, या शहरात लष्करी कायदा लागला होता. त्या दिवसांत नुसती गांधी टोपी घालून रस्त्यावर निघालं तरी शिपाई धरायचे, हे इथल्या प्रत्येक घरात ऐकलेलं असतं. शहर त्याबद्दल दर जानेवारीत हार घालतं. त्याच हार घालण्याच्या कार्यक्रमाला आमच्या शाळेची रांग नेताना सर आदल्या दिवशी केस तपासायचे.

शेवटी कायदा बाजूला ठेवून मुख्याध्यापिकांना साधा अर्ज लिहिला. मुलीचे केस जन्मतः कुरळे आहेत. दोन घट्ट वेण्यांनी कपाळाजवळचे केस तुटतायत. ती केस स्वच्छ ठेवून, तेल लावून, एक सैल वेणी घालून येईल. सरळ करण्याचा सल्ला पुन्हा देऊ नये. शेवटी सवयीनं लिहिलं, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल कृपया क्षमा असावी.’ मुलीनं वाचायला घेतलं. कंपासपेटीतलं पेन काढून शेवटची ओळ खोडली.

“क्षमा कशाची? आपण काय केलंय?”

मी पुन्हा स्वच्छ कागदावर लिहिला. वीस वर्षांत माझ्या एकाही पक्षकारानं माझा मसुदा इतका नीट वाचला नव्हता.

अर्ज कार्यालयात दिला. लेखनिकांनी शिक्का मारला, पोच दिली. चार दिवसांनी फोन आला. मॅडम भेटतील, पालक म्हणून कुणीतरी मोठ्यांनी यावं, सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळेला.

दुकानात गेलो तर भाऊ कुणाच्या तरी पोराचं फेड करत होता, बाजूला मशीनची रेघ मारून. पोर मोबाईलमधला फोटो दाखवून सांगत होतं, इथून असं, तिथून तसं. आप्पा बाकड्यावरून बघत होते. मी सोमवारचं सांगितलं.

त्यांनी पेपरची घडी घातली.

“सोमवारी दुकान बंदच असतं,” ते म्हणाले. “मी येतो की.”